पोस्टकार्डाएवढ्या जागेतले बारा कोटी

जगभरच्या प्रयोगशाळांत दरवर्षी १२ कोटींहून अधिक उंदीर वापरले जातात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली होती. म्हणजे आपल्या अख्ख्या राज्यात जेवढी माणसे, त्याहून जास्त उंदीर एका वर्षात प्रयोगांसाठी जन्माला घातले जातात आणि बहुतेक त्याच प्रयोगांत संपतात. दिवसाला सव्वातीन लाखांहून अधिक, मिनिटाला सव्वादोनशेच्या वर, सेकंदाला जवळपास चार. हा लेख वाचायला पंधरा मिनिटे लागली, तर तेवढ्यात सुमारे ३,४०० उंदरांची भर पडलेली असेल.

यांतले बहुसंख्य छोटे उंदीर, ज्यांना प्रयोगशाळेत माउस म्हणतात. उरलेले बहुतेक मोठे, रॅट. माउसचे वजन २० ते ३० ग्रॅम, आयुष्य दोन ते तीन वर्षे. हृदय मिनिटाला ६०० ठोक्यांच्या आसपास धावते. दोन वर्षांत हे ठोके ६३ कोटींच्या घरात जातात. गर्भकाळ तीन आठवड्यांचा, एका विणीत सहा ते बारा पिल्ले, आणि ती पिल्ले सहा-आठ आठवड्यांत स्वतः वीण घालायला तयार. थोड्या जागेत, थोड्या पैशांत आणि थोड्या काळात अनेक पिढ्या पाहता येतात, म्हणून विज्ञानाने हा प्राणी निवडला.

हा आकडा आपल्यापासून फार दूरचा वाटतो. बाभुळगावच्या शेतात उभे राहिले तर तो किती जवळचा आहे ते कळते.

डब्यावरचा त्रिकोण

यवतमाळहून धामणगावला जाणाऱ्या रस्त्यावरचे बाभुळगाव हे तालुक्याचे गाव. बेंबळा धरण याच तालुक्यात आहे. रानात कपाशी, सोयाबीन, तूर. पावसाळ्यात पाठीवर फवारणीचा पंप चढला की प्रत्येक हातात कीटकनाशकाचा डबा येतो आणि त्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा.

हा रंग ठरतो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून, आणि त्यांत बहुधा मोठा उंदीर असतो. भारताच्या १९७१च्या कीटकनाशक नियमांनुसार, ज्या मात्रेने प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात ती मात्रा पाहिली जाते. तोंडावाटे दिलेल्या विषासाठी ती शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० असेल तर निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा. त्वचेवाटे जाणाऱ्या विषाची मोजणी वेगळी होते: २०० मिलिग्रॅमपर्यंत लाल, २,०००पर्यंत पिवळा, २०,०००पर्यंत निळा. म्हणजे शेतकऱ्याच्या हातमोज्यांचा, तोंडावरच्या फडक्याचा आणि वाऱ्याच्या दिशेचा सल्ला ज्या आकड्यावर उभा आहे, तो आकडा कुठल्या तरी पिंजऱ्यातल्या उंदराने आपला जीव देऊन लिहिला आहे.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या त्रिकोणाचा अर्थ किती जिवाचा असतो, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको.

दुसरे उदाहरण सर्पदंशाचे. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत साप चावून सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. वर्षाला सरासरी ५८,०००, म्हणजे दर नऊ मिनिटांना एक. त्यांतले बहुतेक खेड्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी एकच लस आपल्याकडे वापरतात. ती घोड्यांच्या रक्तापासून तयार होते, पण ती खरोखर काम करते की नाही हे तपासले जाते सुमारे २० ग्रॅम वजनाच्या उंदरांवर. लसीच्या एका मिलिलिटरने नागाचे ०.६, घोणसाचे ०.६, मण्यारचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केलेच पाहिजे, असे मानक आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रिजमधल्या १० मिलिलिटरच्या बाटलीवर डॉक्टर विश्वास ठेवतो, तो या चार आकड्यांच्या भरवशावर.

तेव्हा उंदराचा पिंजरा ही दूरच्या शहरातली गोष्ट राहत नाही. बाभुळगावातला माणूस त्या पिंजऱ्याचा रोजचा देणेकरी आहे. ज्याचे देणे आहे तो जगतो कसा, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते.

परळचे दोन इंच आणि दोन फूट

महाराष्ट्राचे हे देणे जुने आहे. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत पोहोचले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली. त्याआधी ती प्राण्यांवर तपासलेली होती. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५पासून तिला त्यांचेच नाव आहे.

प्लेग पसरवतो कोण, याचा कायमचा निकालही परळलाच लागला. पॉल-लुई सिमों यांनी १८९८मध्ये उंदरांवरच्या पिसवांवर बोट ठेवले होते, पण पुष्कळांना ते पटले नव्हते. १९०५नंतर प्लेग संशोधन आयोगाने परळला खास खोल्या बांधल्या, त्यांत पिसवा सोडल्या आणि गिनीपिगचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले, कारण पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही. भारतात एक कोटीहून अधिक माणसे घेणाऱ्या रोगाचे गूढ त्या दोन मापांच्या फरकाने सुटले. पिंजरा कुठे ठेवला, किती उंच ठेवला, त्यावर विज्ञानाचे उत्तर बदलते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पुढे परळलाच कर्करोगाच्या अभ्यासाने जोर धरला. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे उंदरांच्या वंशांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास वर्षानुवर्षे केला. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा या रोगाशी असलेला संबंध त्यांनी त्या उंदरांच्या आधारे शोधला. या केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा आयसीआरसी हा उंदरांचा वंशही तिथेच घडला. १९८२मध्ये रणदिवेबाईंना पद्मभूषण मिळाले. त्या संशोधनामागे उंदरांच्या कित्येक पिढ्या होत्या आणि त्यांना रोज खाणे, पाणी, कोरडा भुसा देणारे प्राणीगृहातले कर्मचारी होते. त्यांची नावे कुठल्याही शोधनिबंधावर येत नाहीत.

वीस पिढ्यांचे एकसारखेपण

प्रयोगासाठी उंदीर एकसारखे हवेत. म्हणून सख्ख्या भावाबहिणींची वीण वीस पिढ्या लावतात. वीस पिढ्यांनंतर प्रत्येक उंदराच्या जनुकांच्या जोड्यांपैकी सुमारे ९८.६ टक्के जोड्या एकसारख्या होतात. उंदरांच्या वीस पिढ्या चार-पाच वर्षांत होतात. माणसाची एक पिढी २५ वर्षांची धरली तर वीस पिढ्यांना ५०० वर्षे लागतील, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सुमारे शंभर वर्षे मागे जावे लागेल. जगात सर्वाधिक वापरला जाणारा काळा उंदीर, सी५७ब्लॅक६, क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१मध्ये सुरू केलेल्या वंशातला आहे.

एवढे करूनही निकाल एकसारखे येत नाहीत. १९९९मध्ये जॉन क्रॅब आणि सहकाऱ्यांनी एडमंटन, पोर्टलंड आणि ऑल्बनी येथील तीन प्रयोगशाळांत एकाच वंशांचे उंदीर, एकाच वयाचे, एकाच तऱ्हेच्या चाचण्यांना एकाच दिवशी लावले. खाद्य, उपकरणे, वेळापत्रक सगळे जुळवले. तरी काही चाचण्यांत तिन्ही ठिकाणी वेगळी उत्तरे आली. जनुके सारखी होती, जगणे सारखे नव्हते. पिंजऱ्याबाहेरचा आवाज, हाताळणारा माणूस, हवा, वास या सगळ्यांची नोंद उंदराच्या शरीरात होत राहते.

२०१४मध्ये मॉन्ट्रिअलच्या संशोधकांना आढळले की पुरुष प्रयोगकर्ता खोलीत असला की त्याच्या वासाने उंदरांवर ताण येतो आणि त्यामुळे वेदनेची त्यांची प्रतिक्रिया दबते. स्त्री असेल तर तसे होत नाही. पुरुषाने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी तोच परिणाम. वेदनाशामक औषधाची चाचणी चालू आहे आणि निकाल बदलतोय तो खोलीत कोण उभे आहे यावरून. आता १२ कोटींचा विचार करा.

जागेचा हिशेब

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या निगेची अमेरिकी मार्गदर्शिका जगभर प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार २५ ग्रॅमहून जड माउसला जमिनीची किमान जागा हवी ९६.७ चौरस सेंटिमीटर, आणि पिंजऱ्याची उंची १२.७ सेंटिमीटर. भारताच्या मार्गदर्शक तत्त्वांतही जागेचे आकडे याच मापाचे आहेत. आपले साधे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. पूर्ण वाढलेल्या उंदराचा कायदेशीर वाटा पोस्टकार्डापेक्षाही लहान भरतो. अर्धा किलोपर्यंतच्या रॅटला ३८७ चौरस सेंटिमीटर मिळतात, म्हणजे तीन पोस्टकार्डांहून जरा जास्त.

आता या हिशेबात सगळ्यांना बसवून पाहू. १२ कोटींतले सगळे छोटेच उंदीर धरले आणि प्रत्येकाला ९६.७ चौरस सेंटिमीटर दिले, तर एकूण जागा होते ११६ हेक्टर, म्हणजे सुमारे २८७ एकर. महाराष्ट्राच्या लोकसंख्येहून मोठा जीवसमूह बाभुळगाव तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांच्या वावरांत मावतो, त्याच्या नियमातल्या पूर्ण हक्कासह.

रानात हाच प्राणी किती फिरतो? गॅरेट लाहविस यांनी २०१७मध्ये मांडले की प्रयोगशाळेतला पिंजरा उंदराच्या नैसर्गिक वावराच्या क्षेत्रापेक्षा २,८०,००० पट लहान असतो. पिंजरा ५०० चौरस सेंटिमीटरचा धरला तर ते क्षेत्र साडेतीन एकरांच्या आसपास येते. आपल्याकडच्या एखाद्या छोट्या शेतकऱ्याची पूर्ण शेती, एवढे त्या २५ ग्रॅमच्या जिवाचे मोकळे रान.

उंचीची गोष्ट तर याहून बोचरी. मोठा उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला की २६ ते ३० सेंटिमीटर उंच होतो. मार्गदर्शिकेतली किमान उंची आहे १७.८ सेंटिमीटर. जोआना माकोव्स्का आणि डॅनियल वेअरी यांनी २०१६मध्ये उंदरांना मातीचा थर, चढायला फांद्या आणि मोकळी उंची असलेली मोठी घरे दिली. ते उंदीर रोज बिळे उकरत, वर चढत आणि दिवसाकाठी कितीतरी वेळा ताठ उभे राहून अंग ताणत. म्हातारे होऊ लागले तसे त्यांचे चढणे कमी झाले, पण बीळ उकरणे थांबले नाही. नेहमीच्या पिंजऱ्यात मोठा झालेला रॅट मरेपर्यंत एकदाही सरळ उभा राहू शकत नाही. एका पिंजऱ्यात ही कमतरता दहा सेंटिमीटरची. कोट्यवधी जिवांच्या अख्ख्या आयुष्याने तिला गुणून पाहा.

आठ ग्रॅम कापूस

माणसाला प्रयोगशाळेत २२ अंश सेल्सिअस बरे वाटते. पांढरा कोट घालून काम करायला तेच तापमान सोयीचे, म्हणून प्राणीगृहात ते २० ते २६ अंशांमध्ये ठेवतात. छोट्या उंदराला मात्र अंगातली उष्णता टिकवायला जास्तीची शक्ती खर्चावी लागू नये, असे तापमान आहे ३० अंशांच्या आसपास. म्हणजे जगातले बहुतेक प्रयोगशाळेतले उंदीर आयुष्यभर थंडीत जगतात. अंग गरम ठेवण्यासाठी त्यांना दीडपट ते दुप्पट ऊर्जा जाळावी लागते.

याचा परिणाम प्रयोगावर होतो. अमेरिकेतल्या बफेलो येथील रॉसवेल पार्क कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवले की २२ अंशांवर ठेवलेल्या उंदरांत कर्करोगाच्या गाठी ३० अंशांवरच्या उंदरांपेक्षा वेगाने वाढतात. थंडीने शरीराची रोगाशी लढण्याची ताकद कमी पडते. ज्या औषधाची परीक्षा आपण त्या उंदरावर घेतो, त्या परीक्षेत थंडीचे गुणही मिसळलेले असतात.

खोली ३० अंशांवर नेली तर कर्मचाऱ्यांना काम करणे कठीण. त्यावरचा उपाय उंदराकडेच आहे. ब्रायाना गॅस्किल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सहा ते दहा ग्रॅम घरट्याचे साहित्य मिळाले तर उंदीर दात आणि पंजांनी ते पिंजून गोल, वरून झाकलेले घरटे बांधतो आणि आत हवे तेवढे ऊबदार वातावरण स्वतः तयार करतो. हे साहित्य म्हणजे कागदाच्या पट्ट्या, नाही तर दाबून केलेली कापसाची चौकोनी वडी. मोकळा पिंजलेला कापूस देत नाहीत, कारण त्याचे लांब तंतू पिल्लांच्या पायांना गुंडाळतात.

पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात बसून हा हिशेब करायलाच हवा. एका पिंजऱ्याला आठ ग्रॅम. १७० किलोच्या एका गाठीत २१,२५० पिंजऱ्यांची घरटी होतात. १२ कोटी उंदीर चार-चारच्या गटाने ठेवले तर तीन कोटी पिंजरे, म्हणजे २४० टन रुई, सुमारे १,४१२ गाठी. त्यासाठी लागणारा कापूस सात हजार क्विंटलच्या आसपास. एकरी सात क्विंटल पिकले तर हजार एकरांत निघणारा. भारतात वर्षाला सुमारे तीन कोटी गाठी कापूस होतो. घरटे दर आठवड्याला नव्याने दिले तरी वर्षाला लागतील ७३,०००च्या वर गाठी, आपल्या देशाच्या पिकाच्या चारशे भागांतला एक भाग. जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेतल्या उंदराला वर्षभर ऊब द्यायला एवढाच कापूस पुरतो. पैशाअभावी हे होत नाही असे कुणी म्हणाले, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

आपल्याकडे प्रश्न उलटाही असतो. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. प्राणीगृहातली हवा तासाला दहा ते पंधरा वेळा बदलावी लागते, दिवसाला २४० ते ३६० वेळा, आणि प्रकाश बारा तास, अंधार बारा तास ठेवावा लागतो. वीज गेली आणि जनरेटर चालला नाही तर बंद पिंजऱ्यांतल्या जिवांना पळायला जागा नसते. आपल्या भागात प्राणीगृह बांधणाऱ्याने विजेची दुहेरी सोय आधी करावी, पिंजरे मग मागवावेत.

करायला काही असणे

निवारा म्हणजे नुसती जागा आणि ऊब नव्हे. लपायला नळी, कुरतडायला लाकूड, पळायला चाक, उकरायला खोल भुसा आणि सोबतीला आपल्या जातीचा कुणी, हे सगळे त्यात येते.

१९४७मध्ये डोनाल्ड हेब यांनी घरी मोकळे वाढवलेल्या उंदरांची प्रयोगशाळेतल्या उंदरांशी तुलना केली. घरातले उंदीर कोडी सोडवण्यात पुढे निघाले. १९६०च्या दशकात बर्कलेच्या संशोधकांनी दाखवले की खेळणी आणि सोबत मिळालेल्या उंदरांच्या मेंदूचा बाह्य थर जाड आणि जड होतो. १९९७मध्ये फ्रेड गेज यांच्या गटाला अशा उंदरांच्या स्मृतीशी संबंधित भागात १५ टक्के जास्त चेतापेशी आढळल्या. २००० साली तर हंटिंग्टन या आनुवंशिक रोगाची जनुके असलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यात पुठ्ठे, कागद आणि नळ्या ठेवल्या आणि रोगाची लक्षणे उशिरा दिसली. जनुकात लिहिलेला रोग पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी लांबवला.

२०१४मध्ये लायडनच्या शास्त्रज्ञांनी पळायचे चाक थेट मोकळ्या रानात नेऊन ठेवले. जंगली उंदीर आपण होऊन आले, चाकावर चढले, पळाले आणि निघून गेले. त्यांना कुणी कोंडले नव्हते. पळणे ही त्या जिवाची गरज आहे. २०१९मध्ये बर्लिनच्या प्रयोगशाळेत रॅट माणसांबरोबर लपंडाव खेळायला शिकले. लपताना ते गप्प राहत, शोधताना आणि सापडल्यावर आनंदाचे आवाज काढत. ते आवाज ५० किलोहर्ट्झच्या आसपासचे असतात. भीतीचे आणि त्रासाचे २२च्या आसपास. आपला कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही. उंदराचे हसू आणि रडू दोन्ही आपल्या ऐकण्याच्या पलीकडे होते, आणि आपण त्याला मुका प्राणी म्हणत आलो.

या सगळ्याचा एकत्रित हिशेब २०२२मध्ये मांडला गेला. कॅनडातल्या संशोधकांनी २१४ अभ्यासांतल्या ६,४९५ उंदरांची माहिती एकत्र केली. नेहमीच्या ओक्याबोक्या पिंजऱ्यांत राहणाऱ्यांना कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, चिंता आणि नैराश्यासारखी लक्षणे जास्त तीव्र झाली. आयुष्य सुमारे नऊ टक्क्यांनी घटले. माणसाच्या ७० वर्षांत नऊ टक्के म्हणजे सहा वर्षांहून जास्त.

माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दर दहा औषधांतली सुमारे नऊ पुढे नापास होतात. त्याची कारणे पुष्कळ आहेत. पण ज्या प्राण्यावर औषध आधी पास झाले तो थंडीने काकडलेला, एकटा आणि उभे राहायला जागा नसलेला होता, ही गोष्ट त्या कारणांतून वगळता येणार नाही. आजारी घरातल्या प्राण्यावर निरोगी विज्ञान उभे राहत नाही, असे माझे ठाम मत आहे.

बदल महागही नाहीत. २०१०मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवले की उंदराला शेपटीने उचलले तर तो माणसाला घाबरत राहतो, आणि नळीत येऊ देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचलले तर जवळ येतो. एक नळी आणि थोडा धीर, इतकाच खर्च.

दोनशे रुपये

१९५९मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी तीन तत्त्वे मांडली: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत, कमीत कमी प्राणी आणि कमीत कमी वेदना. भारताने त्यात चौथे जोडले, प्रयोगानंतर प्राण्याचे पुनर्वसन. तत्त्वे कागदावर राहिली नाहीत याचा पुरावा विषाच्या चाचणीतच आहे. १९२७मध्ये जॉन ट्रेव्हन यांनी आणलेल्या जुन्या पद्धतीत एका पदार्थामागे अनेकदा ५०हून अधिक प्राणी जात. २००२मध्ये ती आंतरराष्ट्रीय नियमावलीतून काढली गेली. आता टप्प्याटप्प्याने तीन-तीन प्राणी घेऊन बहुधा बारांच्या आत काम होते. डब्यावरचा त्रिकोण तोच, जीव कितीतरी कमी. भारताने २०१४मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या. २०२३मध्ये नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांशिवायच्या पद्धतींना वाट मोकळी केली.

पण मोजणीत जग कमी पडते. अमेरिकेच्या प्राणी कल्याण कायद्याने २००२मध्ये प्रयोगासाठी पैदास केलेले उंदीर 'प्राणी' या व्याख्येतूनच वगळले. परिणाम असा की एका अभ्यासकाच्या २०२१च्या अंदाजात तिथे वर्षाला ११ कोटींहून जास्त उंदीर, तर इतरांच्या अंदाजात त्याच्या काही हिश्शाएवढेच. कोट्यवधी जिवांचा फरक, कारण मोजायची सक्ती नाही. ब्रिटन मात्र दरवर्षी आकडा जाहीर करतो: २०२३मध्ये सुमारे २६ लाख ८० हजार प्रयोग.

आपल्याकडे १९६०चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे आणि १९९८चे नियम आहेत. नियम चांगले आहेत. पण समितीच्या अटी मोडल्या तर कायद्याच्या विसाव्या कलमात लिहिलेला दंड आहे २०० रुपयांपर्यंत. १२ कोटींपासून सुरू झालेल्या या लेखातला मला सर्वांत जास्त बोचणारा आकडा हाच.

आणखी एक तरतूद थोड्यांनाच ठाऊक असते. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या नैतिकता समितीत शास्त्रज्ञ आणि पशुवैद्यकांबरोबर, शास्त्रज्ञ नसलेला पण समाजभान असलेला एक सदस्य असावा लागतो. ती खुर्ची तुमच्या-आमच्यासाठी आहे. शिक्षक, वकील, पत्रकार, शेतकरी कुणीही तिथे बसू शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणी औषधनिर्माण आणि वैद्यकीय महाविद्यालये आहेत. आपली मुले तिथे शिकतात.

म्हणून वाचकांना विनंती. ती खुर्ची मिळाली तर सोडू नका, आणि मिळाली नाही तरी प्रश्न विचारायचे सोडू नका. या प्रयोगाला प्राण्याशिवाय दुसरा मार्ग होता का? प्राणी किती घेणार, आणि तेवढेच का? पिंजऱ्यात घरट्याला किती ग्रॅम साहित्य आहे? उंदीर एकटा आहे की सोबतीने? तो उभा राहू शकतो का? वीज गेली तर काय करणार? वर्षात किती प्राणी वापरले, तो आकडा दारावर लावणार का? आणि दोनशे रुपयांचा दंड वाढवा, अशी मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी करा. फवारणीच्या डब्यावरचा त्रिकोण आणि सर्पदंशावरची बाटली ज्यांच्या जिवावर आपल्या हाती आली, त्यांच्यासाठी एवढे करणे हे आपल्यावरचे ऋण आहे, आणि ते फेडायला हवे.